चुनी गोस्वामी केवळ फुटबॉलपटू नव्हते
15 जानेवारीला जन्मलेल्या खेळाडूंवरील एका लेखात खाशाबा जाधवांच्या (1926) शेजारी चुनी गोस्वामी (1938) दिसले याचा आनंद झाला. मात्र त्यांची ओळख 'फुटबॉलपटू' एवढ्या एका शब्दात उरकली आहे, हे पटले नाही. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे हे कर्णधार बंगालकडून रणजी करंडकही खेळले आणि 1971-72 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्वही त्यांनीच केले, त्यामुळे आमच्या घरी वडिलांच्या तोंडी हे नाव फुटबॉलपेक्षा क्रिकेटच्या गप्पांतच अधिक असे. त्याआधी, 1966 मध्ये इंदूरला मध्य व पूर्व विभागाच्या संयुक्त संघाकडून खेळताना त्यांनी वेस्ट इंडीजचे 8 गडी बाद केले होते आणि पाहुण्यांनी तो सामना डावाने गमावला होता. एवढी कामगिरी वगळावी, हे खरोखर अन्यायाचे आहे.

खाशाबांविषयीही एक भर घालावीशी वाटते: 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कांस्यपदकाआधी 1948 मध्ये लंडन ऑलिम्पिकला, मातीतल्या कुस्तीत घडलेल्या या मल्लाने मॅटवर उतरून सहावा क्रमांक मिळवला होता.