‘गोऱ्यांना सील मारायचा परवाना’ हे खरं नाही

1 जूनला मासेमारीबंदी लागली की रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘आमच्या बोटी दोन महिने किनाऱ्याला, आणि गोऱ्यांना अंटार्क्टिकात वर्षाला 1,75,000 सील मारायचा परवाना. करारांनी कधी एक तरी प्राणी वाचला का?’ सोबत सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या, बर्फावरच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लाचा फोटो.

आधी फोटो. ते पिल्लू हार्प सीलचं. ही जात उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकातली. अंटार्क्टिकात एकही नाही. कॅनडात हार्प सीलची शिकार होते, पण पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार तिथेही 1987 पासून बंद आहे.

आता आकडा. तो अंटार्क्टिकातल्या सीलच्या संरक्षणासाठी झालेल्या 1972च्या लंडन करारात आहे, फक्त क्रॅबइटर या एका जातीच्या सीलपुरता, आणि ती कमाल मर्यादा आहे. करार 1978ला लागू झाला, तेव्हापासून तिथे सीलचा धंदा उभाच राहिलेला नाही. 1986-87च्या हंगामात सोव्हिएत जहाजांनी काही हजार मारले, पुढे धंद्यासाठी शिकार नाही. रॉस, एलिफंट आणि फर सीलच्या शिकारीला तर मुभाच नाही. करारातला बंदीचा काळ म्हणाल तर 1 मार्च ते 31 ऑगस्ट, आपल्या 61 दिवसांच्या तिप्पट.

‘गोऱ्यांना’ हेही चूक. सीलच्या करारापेक्षा वेगळ्या, मूळ अंटार्क्टिक करारात भारत 1983 पासून आहे, आणि आपल्या 2022च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय तिथला सील मारणं गुन्हा आहे.

राहिला ‘एक तरी प्राणी वाचला का’ हा प्रश्न. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांवर फर सील विणीला येतात. जहाजं त्यांना कातड्यांसाठी भर समुद्रात मारायची. त्यात चाऱ्याला गेलेल्या माद्या जास्त सापडत, आणि बेटावर मागे राहिलेली पिल्लं दुधावाचून मरत. गाभोळीची मासळी ओढली की पुढे काय होतं, हे बोट चालवणाऱ्या आपल्या तांडेलांना सांगायला नको. 1911ला अमेरिका, रशिया, जपान आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटनने करार करून समुद्रातली शिकार थांबवली. धंदा सोडणाऱ्या जपानला आणि कॅनडाला बेटांवर चालू राहिलेल्या शिकारीच्या कातड्यांतला 15-15 टक्के वाटा ठरवून दिला. म्हणूनच करार पाळला गेला, असं माझं मत. काही लाखांवर आलेले सील तीसेक वर्षांत दहा लाखांच्या पुढे गेले.

बंदीत खलाशाच्या घरी चूल कशी पेटायची, हा प्रश्न खरा आहे आणि भरपाईची मागणी रास्त आहे. ती मांडताना हा 15 टक्क्यांचा दाखला द्या, 1,75,000चा मेसेज नको.