जान्हवीनं समुद्रात उडी घेतली ते घेतली, पण श्रीनिवासच्या घराचं काय झालं?

सरळच विचारायलेय. आमच्या परभणीच्या गल्लीत 'लक्ष्मी निवास' ही मालिका बघणाऱ्यांचे सध्या दोन गट पडलेत. एक गट जान्हवीच्या नवऱ्याला, जयंतला, फासावर द्या म्हणणाऱ्यांचा, दुसरा त्याला सुधरायची संधी द्या म्हणणाऱ्यांचा. (दुसऱ्या गटात माझी सख्खी जाऊ आहे. देव तिचं भलं करो.) मी तिसऱ्या गटात, एकटी. मला घराची काळजी लागलीय.

ही मालिका 23 डिसेंबर 2024 ला झी मराठीवर सुरू झाली तेव्हा तिचा विषय काय होता, जरा आठवा. निवृत्तीला टेकलेला एक साधा माणूस, श्रीनिवास. बायकोला, लक्ष्मीला, शब्द दिलेला, की स्वतःचं घर बांधीन. जान्हवीसारख्या लग्नाच्या मुली, आपापला संसार बघणारी मुलं, आणि हातात येणार तो फंडाचा पैसा. बस, एवढंच. तुषार दळवी आणि हर्षदा खानविलकर, रोज एक तास. त्या तासात आमच्या घरात कुणाचा फोन उचलला जात नव्हता. माझे सासरेही, ज्यांनी 'बायकांचे कार्यक्रम' म्हणून जन्मभर बातम्यांचा आडोसा घेतला, ते पेपर डोळ्यापुढं धरून पेपराच्या वरून बघायचे. श्रीनिवासनं पैशाचा विषय काढला की यांचा पेपर हळूच खाली.

मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. घरबांधणीच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात. त्यामुळं सांगते, मराठवाड्यात घर बांधणं हीच एक मालिका आहे, आणि ती मुंबईच्या कुठल्याही लेखकाला सुचणार नाही इतकी लांब चालते. सोयाबीनच्या पैशात पाया होतो. पुढच्या वर्षी भाव पडतो, भिंती तशाच राहतात. मग सोनं तारण ठेवून स्लॅब पडतो. स्लॅबवर गज उभेच ठेवायचे, का, तर धाकट्याचं लग्न झाल्यावर वरचा मजला काढायचा. प्लास्टर बाहेरून होतच नाही, आतून होतं. आणि वास्तुशांतीला आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, 'किती लागले?' यजमान नेहमी कमी सांगतो. बायको नेहमी खरं सांगते. त्या रात्री दोघांचं भांडण होतं. सांगा, यात कमी नाट्य आहे का?

माझ्या टेबलासमोर जामीनदार म्हणून बसलेला मेहुणा आणि पलीकडच्या खुर्चीत कर्जदार दाजी, यांच्या तोंडाकडं बघत बसले तरी माझे शंभर भाग निघतील. सही करायच्या आधी मेहुणा एकदा बहिणीकडं बघतो. ती नजर मला टीव्हीवर बघायचीय. सुरुवातीच्या भागांत ती होती. लक्ष्मी पैसे मोजायची तेव्हा होती.

इथं एक गोष्ट बोलून टाकते, शिव्या खायची तयारी ठेवून. मला त्या घरात सगळ्यात खरा श्रीनिवासचा मुलगा संतोष वाटतो. हो, तोच. लोभी आहे, आईबापाला टोचून बोलतो, सगळं मान्य. पण प्रत्येक रुपयाला 'हा कुणी द्यायचा' असं विचारणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो, आणि बाकीचे जण छान, उदार, प्रेमळ दिसतात ते त्याच्यामुळंच. थोरला हप्ता भरतो आणि धाकटा आईला साडी आणतो. साडी दिसते, हप्ता दिसत नाही. लेखकांनी संतोषला थोडं आतून दाखवलं असतं ना, तर एखाद्या भागात आमच्या आत्याबाईंनीही (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) त्याची बाजू घेतली असती. पण नाही. त्याला घरातला व्हिलन करून ठेवलं, आणि मोठ्या व्हिलनसाठी जयंत आला.

जयंतबद्दल मी वाईट बोलणार नाही. मेघन जाधवनं काम भारीच केलंय, गोड बोलता बोलता माणूस कसा गळा आवळतो ते बघून खरंच अंगावर काटा येतो. बायकोवर एवढा पहारा ठेवणारे नवरे आमच्याकडं नाहीत असंही नाही. 'कुठं गेलतीस, कुणासंगं बोललीस, फोन दाखव' हे ऐकत बसलेल्या पोरी मला माहीत आहेत. म्हणून पहिल्यांदा वाटलं, चला, या विषयावर कुणीतरी बोलायलंय. पण मग कॅमेरे, बंद बंगला, पाठलाग, आणि शेवटी समुद्र! त्या पोरीला माहेरी परत येऊन 'मला नाही राहायचं तिथं' एवढं एक वाक्य बोलता येईना, म्हणून समुद्रात उडी घ्यावी लागली. घरच्यांनी ती गेली म्हणून रडून घेतलं आणि ती तिच्या मित्राच्या, विश्वाच्या घरी. खरी अवघड गोष्ट ते वाक्य आहे. ते वाक्य बोलल्यावर आई काय म्हणते, बाप काय म्हणतो, भाऊ हिशोब काढतो का, शेजारीण दारात येऊन उभी राहते का, हे दाखवायला काळीज लागतं. उडी दाखवायला बोट भाड्यानं मिळते.

उडीचा भाग लागला तेव्हा मी डोळ्याला पदर लावलेला होता हे कबूल. आत्याबाई मात्र गवारीच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, 'काहून रडायलीस? हिला मरू देतेत का? तिच्यावर अजून दोन वर्षं चालवायचीय त्यांना.'

आत्याबाईंच्या या निर्धास्तपणाचं एक गुपित आहे. माझी एक नणंद कर्नाटकातल्या भालकीला दिलेली आहे. एके काळी आपण सगळे हैदराबाद संस्थानात एकत्र होतो, 1956 ला भालकी-बिदर तिकडं गेलं आणि आपण इकडं आलो, पण सोयरीक काही थांबली नाही. नणंदेच्या घरात मराठी बोलतात आणि मालिका कन्नड बघतात. आणि 'लक्ष्मी निवास' ही मुळातली कन्नडच. झी कन्नडवर ती जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्यापेक्षा जवळजवळ वर्षभर पुढं. ही बाई रविवारी फोन करते, खुशाली विचारते आणि पुढचं सगळं सांगून मोकळी होते. आम्ही ओरडतो, सांगू नको म्हणतो, आणि फोन स्पीकरवरच ठेवतो.

त्यामुळं मला एक कळलं. पुढं काय होणार हे माहीत असूनही आम्ही रोज बघतोच. म्हणजे 'ट्विस्ट' नसला तर लोक चॅनल बदलतात हा जो समज आहे, तो आमच्या घरापुरता तरी खोटा. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्या आकड्याच्या धाकानं दर आठवड्याला कुणीतरी पळवलं जातं, कुणाचीतरी स्मृती जाते. स्लॅब काही एका आठवड्यात पडत नाही, म्हणून तो कथेतून वगळायचा.

स्टार प्रवाहवरच्या 'ठरलं तर मग' कडंच बघा. डिसेंबर 2022 पासून चालू आहे, मूळ तमिळ 'रोजा'. नायिका सायली हीच हरवलेली खरी तन्वी आहे हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत, आणि घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता नाही. यावर सगळे हसतात, मीमं करतात. मला त्यात काही खटकत नाही. समोरच्याला आपण काय आहोत हे न कळता एका छताखाली राहणं, यावर तर बायकांचं निम्मं आयुष्य जातं. सायली झालेली जुई गडकरी ते ओरडून सांगत नाही, म्हणून ते पोचतं. आणि सायलीला सांभाळणाऱ्या मधुभाऊंवरची खुनाची केस! लोक म्हणाले किती ताणली. आमच्या गल्लीत कुणी म्हणालं नाही. बांधाच्या वादात आजोबानं घातलेला दावा नातू चालवतोय अशी घरं आहेत इथं. मधुभाऊ सुटले तेव्हा समोरच्या काकूंनी खरोखर पेढे वाटले, आणि त्यांच्या स्वतःच्या केसची तारीख त्याच आठवड्यात पुन्हा पुढं गेली होती. माझी तक्रार वकिलाची आहे. सायलीचा नवरा अर्जुन पुरावे शोधायला स्वतः भिंती चढतो, वेषांतर करतो. आमचे वकीलसाहेब फोनही उचलत नाहीत.

2025 च्या ऑगस्टमध्ये, 16 तारखेला, ज्योती चांदेकर गेल्या. याच मालिकेतली पूर्णा आजी. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत नीट. जयंत-जान्हवीला 'हे सगळं खोटं असतंय' म्हणणारी ही बाई. मी काही बोलले नाही.

मग सप्टेंबरात पाऊस आला. 2025 चा तो पाऊस कुणाला सांगायला नको. जायकवाडीचे दरवाजे उघडलेले, गोदाकाठची गावं पाण्यात, सोयाबीन उभ्या जागी कुजलेलं. लाइट नाही, मालिका नाहीत. लाइट आली तेव्हा एका मालिकेत हिरो-हिरॉइन पावसात भिजत गाणं म्हणत होते. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत रांग होती, हप्ता लांबवून द्या म्हणणाऱ्यांची. त्या रांगेत एक जण अर्ध्या घराचा होता. पाया, भिंती, वर पत्रे. दोन वर्षांपूर्वी त्याची फाइल मीच केली होती. मला त्या क्षणी खरंच श्रीनिवास आठवला, आता हसायचं तर हसा.

आमचा मराठवाडा मालिकेत येतो तो देव आणि संत यांच्यापुरता. तुळजाभवानी आली, ज्ञानेश्वर माउली आले. आनंदच आहे, त्यांच्यामुळं तर आपण आहोत. पण तुळजापूरच्या पायऱ्यांवर कवड्यांची माळ विकणारी बाई संध्याकाळी कुठल्या घरी जाते, तिचं घर पक्कं आहे का, हे कुणी विचारत नाही. गाव दाखवायचं झालं की गाडी साताऱ्या-कोल्हापूरच्या पुढं येत नाही. आपली माणसं कामात कमी आहेत असंही नाही. दूरदर्शनवरची 'दामिनी' आठवते ना? रोज लागणारी मराठीतली पहिली मालिका, आणि दामिनी होती आपल्या संभाजीनगरची प्रतीक्षा लोणकर. ती नोकरी करणारी, पेपरात काम करणारी बाई होती. तिला ऑफिस होतं. आताच्या नायिकांना ऑफिस असलं तरी ते नवऱ्याचं असतं.

तर लेखक मंडळींना, कुणी वाचत असेल तर, माझी एकच मागणी. एक पूर्ण आठवडा द्या घराला. जयंतला सुट्टीवर पाठवा, श्रीनिवासच्या मुलीच्या सासरचं, त्या गाडेपाटलांचं, राजकारण थांबवा. श्रीनिवास, लक्ष्मी, तिन्ही मुलं, सुना, आणि मधे एक वही. कोण किती देणार ते बोला. वीणाला बोलू द्या, सून म्हणून नाही, घरात तिचाही वाटा आहे म्हणून. संतोषला त्याचं म्हणणं पूर्ण मांडू द्या, मधे ढोल वाजवू नका. त्या आठवड्याचा टीआरपी पडला तर मी परत कधी तोंड उघडणार नाही.

आणि भालकीवाल्यांनो, कन्नडमध्ये घर झालं का नाही, तेवढं मात्र खाली लिहा. वास्तुशांतीला कोण कोण होतं तेही.