सायकल त्याची, मनगट माझं

हा लेख मी डाव्या हाताने टाईप करतेय. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा जोडाक्षरं निसटली तर सांभाळून घ्या. का, ते पुढे येईलच. आधी उपदेश. नेदरलँड्समध्ये नव्याने उतरलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात बीएसएन (इथला नागरिक क्रमांक) शोधतो, दुसऱ्या महिन्यापासून घर शोधतो (पुढची दोन वर्षं), आणि तिसऱ्या महिन्यात विचारतो, “इ-बाईक कोणती घेऊ?” या प्रश्नाचं उत्तर देण्याइतका अनुभव आता माझ्या हाडात मुरलेला आहे.

तर सगळ्यात आधी, सायकलच्या दुकानात पाऊल ठेवू नका. तिथला माणूस तुमची उंची विचारतो, रोज किती लांब जाता ते विचारतो, आणि वर ‘एक चक्कर मारून बघा’ म्हणतो. एवढा वेळ कुणाला आहे? त्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दहा मिनिटांत चाळीस उत्तरं. त्यातली निम्मी ‘मलाही कळवा’. एक जण स्वतःची जुनी विकायला काढेल. आणि एक काका, वीस वर्षांपासून इथे असलेले, ‘आम्ही तर साध्या सायकलवर जायचो’ असं लिहून खाली हात जोडलेला इमोजी टाकतील. काकांना नमस्कार करा आणि पुढे सरका.

(काकांचं ऑफिस घराच्या मागे आहे.)

देश सपाट आहे, विजेची सायकल कशाला हवी, असं घरून फोनवर विचारतील. त्यांना वारा समजावू नका, समजणार नाही. इथला घाट वाऱ्यात असतो. सकाळी जाताना समोरून असतो, संध्याकाळी परतताना पुन्हा समोरून. तुम्ही साध्या सायकलवर मान खाली घालून, दातओठ खात पेडल मारत असता आणि सत्तरीच्या आजीबाई ताठ बसून, केसाची बट न हलवता, बाजूने सर्रकन निघून जातात. जाताना ‘हुयेमोर्खन’ म्हणतात. तो अपमान पचवण्यापेक्षा दोन-अडीच हजार युरो घालवणं स्वस्त.

माहितीपत्रकात ‘एका चार्जमध्ये १२० किलोमीटरपर्यंत’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘पर्यंत’ वाचायचा नाही. तो आकडा हलका माणूस, कमीत कमी मदत, उबदार हवा आणि पडलेला वारा यांचा असतो. तुम्ही जानेवारीत, टर्बोवर, कॅरियरला दहा किलो आटा बांधून निघालात आणि अर्ध्या वाटेत बॅटरीने मान टाकली, तर लगेच ग्रुपवर ‘फसवणूक’ म्हणून पोस्ट टाका. छत्तीस व्होल्ट गुणिले तेरा अँपिअर-अवर म्हणजे ४६८ वॉट-अवर, आणि थंडीत त्यातलं हाताला कमी लागतं, असली गणितं दुकानदाराने आधी सांगितली असतील, पण तुम्ही दुकानात गेलाच नव्हता ना.

भारतात परतताना सायकल बरोबर नेणार, हे मात्र बाबांना आताच सांगून ठेवा. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही आणि तुमची जवळजवळ तिप्पट आहे, पण सांगायला काय जातं? बाबा सोसायटीत सांगतील. तेवढाच आनंद.

कुलपं दोन लावा म्हणतात, एक चाकातलं आणि एक साखळीचं. एकच लावा. साखळी घ्यायचीच झाली तर ‘आर्ट’ या कुलपांच्या मजबुतीच्या शिक्क्याचे दोन तारे नसलेली घ्या, म्हणजे चोरी झाल्यावर विमावाल्यांना पत्र लिहिण्यात तुमचं डच सुधारेल. ते दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली पहिल्याच आठवड्यात त्या ड्रॉवरमध्ये टाका ज्यात भारतातलं बंद पडलेलं सिम आणि ‘आयकिया’चे षटकोनी पाने असतात. तिथून आजवर काहीही परत आलेलं नाही.

चार्जर सगळ्यात स्वस्तातला आणा आणि बॅटरी रात्रभर दाराशी, बाहेर पडायच्या वाटेतच चार्जिंगला लावा.

वळताना हात दाखवू नका. हात दाखवून अवलक्षण कशाला?

हेल्मेटचा कायदा साध्या इ-बाईकला इथे नाही. पुण्यातून आलेल्यांना तर हे ऐकूनच भरून येतं. आयुष्यभर ज्यासाठी लढलो ते इथे आयतं मिळालं.

आता मुख्य सल्ला. सायकल दारात आली की त्याच संध्याकाळी ती अनलॉक करा, म्हणजे तिची वेगमर्यादा काढून टाका.

कायदा म्हणतो, मोटर २५० वॉटची, पेडल मारत असाल तरच मदत, आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद. हा युरोपचा कोतेपणा आहे. तुमची फॅटबाईक बघा जरा. जाड टायर, लांब सीट, सरळ लुनाची नात शोभते, आणि तिला २५ वर अडवायचं? यूट्यूबवर व्हिडिओ आहे, ग्रुपवर ‘मी करून देतो’ म्हणणारा आहे, हँडलला ॲक्सिलरेटर लावून मिळतो. मग पेडल नुसती शोभेला, गाडी पळते चाळिशीला. जोरात जायचं कायदेशीर वाहनही आहे म्हणा. स्पीड पेडेलेक. ४५ पर्यंत जाते, पण तिला पिवळी नंबरप्लेट, विमा, हेल्मेट आणि मोपेडचं लायसन्स लागतं. आपलं भारतातलं लायसन्स इथे १८५ दिवस. ज्यांना ३० टक्के रुलिंग (परदेशातून आणलेल्या तज्ज्ञांची करसवलत) आहे त्यांनी ते बदलून घेतलं. ज्यांना नाही, त्यांच्यासमोर हा विषय काढू नका. एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा दोन मिनिटांत अनलॉक. पोलीस कधीतरी रोलर घेऊन उभे असतात, त्यावर चाक फिरवून वेग मोजतात, पण ते पोरांना पकडतात. तुम्ही टापटीप कपड्यातले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेले चाळिशीचे गृहस्थ. तुम्हाला कोण अडवणार?

आणि फायदा केवढा! समजा ऑफिस सहा किलोमीटरवर आहे. २५ ने साडेचौदा मिनिटं, ४० ने नऊ. साडेपाच मिनिटं वाचली. त्या साडेपाच मिनिटांत तुम्ही ऑफिसात पोचून मशीनची ती कॉफी पिणार. वेग २५ चा ४० झाला की धडकेतली ऊर्जा अडीचपटीच्या वर जाते, हे नववीच्या पुस्तकातलं सूत्र तुम्हाला येतंच, तुम्ही इंजिनिअर आहात. दिवसभर नॅनोमीटरमध्ये चूक पकडता. तिकडे एक केसभर इकडेतिकडे झालं तर झोप उडते तुमची, आणि संध्याकाळी अंधारात, दिवा न लावता, एका हातात फोन धरून, उलट्या बाजूने... थांबा. आवाज चढतोय माझा.

तर, उलट्या बाजूने चालवा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल फिट्सपाड, म्हणजे सायकलींचे रस्ते, असतात, बहुतेक ठिकाणी प्रत्येक एकाच दिशेचा. पलीकडे जायला सिग्नलवर थांबावं लागतं. कोण थांबणार? आपण लहानपणापासून ‘जरासंच तर जायचंय’ म्हणून राँग साईडने गेलो आहोत. डच लोकांनी अशा माणसाला नावही दिलंय, स्पोकफीट्सर. भुताचा सायकलवाला. समोरून अचानक प्रकटतो म्हणून.

मला प्रकटला तो गेल्या महिन्यात. संध्याकाळी सहाची वेळ, मिट्ट काळोख, वरून ती पिरपिर. मी होवेनरिंग उतरून वेल्डहोवेनकडे निघाले होते. होवेनरिंग म्हणजे आयंडहोवेनजवळचा तो २०१२ मध्ये झालेला, सत्तर मीटर उंच खांबाला तारांनी टांगलेला गोल पूल. खाली मोटारी, वर फक्त सायकली. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो, कारण गावात दुसरं दाखवायला काय आहे? पाहुणे म्हणतात, ‘फक्त सायकलींसाठी एवढं केलं?’ आणि आपण जणू आपणच बांधलाय अशा थाटात मान हलवतो. त्या पुलाच्या थोडं पुढे, माझ्याच बाजूने, माझ्यासमोरून, दिवा नसलेली एक काळी फॅटबाईक आली. मी ब्रेक कचकन दाबला. त्याने दाबला की नाही, माहीत नाही. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी डांबरावर हात टेकून पडले होते आणि माझ्या तोंडून अस्सल सदाशिव पेठेत निघालं, “अरे ए, डोळे फुटलेत का!”

अंधारातून आवाज आला, “ताई... तुम्ही मराठी?”

त्याने मला उठवलं. पाणी दिलं. माझी सायकल सरळ करून दिली, चेन बसवून दिली. घरापर्यंत सोडतो म्हणाला. माणूस वाईट नाही हो, हीच तर चीड आहे. वाईट असता तर सोपं होतं. आणि मग हळूच म्हणाला, “ताई, ते पोलीस वगैरे नको हं. गाडी अनलॉक केलीय, विमा लागू नाही होणार. आमचं पीआरचं, कायम राहायच्या परवान्याचं, पण चाललंय. आपलीच माणसं आहोत ना?”

आपलीच माणसं. मी ‘बरं’ म्हणाले. मूर्ख मी.

हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, काय सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे: पॅरासिटामॉल घ्या. आठ दिवसांनी, हात भोपळ्यासारखा सुजल्यावर, एक्स-रे निघाला. मनगटातलं स्काफॉईड नावाचं शेंगदाण्याएवढं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. एक्स-रे, प्लास्टर सगळं आयगन रिसिकोतून, म्हणजे आरोग्य विम्याआधी आपल्या खिशातून भरायच्या रकमेतून, वर्षाचे ३८५ युरो एका झटक्यात साफ. गाडी २५ वरच बंद होणारी असती तर त्याच्या दायित्व विम्यातून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या) मला हे परत मिळालं असतं. अनलॉक केली की कायद्याच्या लेखी ती सायकल राहत नाही, विनापरवाना, विनाविमा लुना होते, आणि त्याचा विमा हात वर करतो. माझा तर वर करायलाही उरलेला नाही.

आता गंमत पुरे. वेणी घालता येत नाही मला. पोळी लाटता येत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, पोराच्या जॅकेटची चेन लावायला तोंड लावावं लागतं. आणि हे साडेपाच मिनिटांसाठी. अरे, काय करता काय तुम्ही त्या साडेपाच मिनिटांचं? भारतात ट्रॅफिकला शिव्या देऊन इथे आलात ना? गणपतीच्या पंगतीत बसून ‘इथे शिस्त किती आहे नाही’ म्हणता, तेव्हा लाज नाही वाटत? ती शिस्त कुणीतरी पाळतंय म्हणून तुमची पोरं एकटी सायकलवर शाळेत जातात. त्याच फिट्सपाडवरून तुम्ही चाळीसने, उलटे, दिवा न लावता! सातशे रुपयांचा दिवा लावता येत नाही? युरोत सात-आठ! काढा ते अनलॉक. आजच काढा. ज्याने करून दिलं त्याच्याकडूनच काढून घ्या, आणि त्यालाही हा लेख पाठवा.

परवा मी त्याला पुन्हा पाहिलं, सुपरमार्केटसमोर. तीच गाडी. दिवा लावलेला होता, एवढं खरं. मागे डबलसीट त्याची मुलगी, सहा-सात वर्षांची, त्याला घट्ट धरून. मी डावा हात वर केला. तो ओळखीचं हसला, आणि गेला. माझ्या सायकलवरून गेले असते तरी गाठता आलं नसतं त्याला, इतक्या वेगाने.

३८५ युरोंची टिकी, म्हणजे पैसे मागायची लिंक, व्हॉट्सॲपवर पाठवलीय त्याला. दहा दिवस झाले. दोन निळ्या खुणा आल्यात, वर अंगठाही आलाय. पैसे नाहीत.