कच्चं सोयाबीन वेगळं, ढेप वेगळी

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोयाबीनने माशाचं आतडं सुजतं असं लिहून आम्ही लोकांना उगाच भेडसावतो, तुमच्या बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) वर्षानुवर्षं धानाचा कोंडा आणि ढेपच (तेल काढून उरलेला चोथा) पडते, तरी रोहू-कटला मजेत वाढतात. वर आम्ही कंपनीचं खाद्य खपवतो, असा आरोपही आहे.

अर्धी चूक आमची. सूज येते ती प्रामुख्याने सामन, ट्राउट अशा थंड पाण्यातल्या मांसाहारी माशांना, आतड्याच्या शेवटच्या भागात. हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. सायप्रिनस या कार्प माशालाही प्रयोगात सुरुवातीचे काही आठवडे सूज दिसली, पण पाचव्या आठवड्यापर्यंत ती ओसरू लागली. शिवाय बोडीत किंवा मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) रोहू-कटल्याचं बरंचसं पोट प्लवंगावरच, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवरच भरतं. ढेपेतलं उणं पाणीच भरून काढतं.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पंगस हा मासा सोडला की हा आधार जातो. तिथे पोत्यात जे आहे तेच माशाच्या पोटात.

आणि खरी गडबड ढेपेची नाहीच. भाव पडला की लोक घरचं सोयाबीन कच्चंच दळून टाकतात, तिथे घात होतो. कच्च्या दाण्यातला ट्रिप्सिन रोधक हा घटक प्रथिनं पचू देत नाही. कारखान्यातल्या ढेपेला उष्णता मिळालेली असते, म्हणून ती चालते. घरचंच वापरायचं तर दाणे रात्रभर भिजवा, उकळी आल्यावर अर्धा तास शिजवा, पाणी फेका, कडकडीत वाळवा, मग दळा. दाणा चावून पाहा. हिरवट, कच्चट चव राहिली असेल तर पुन्हा शिजवा. भाजून काळपट करू नका, लायसिन (प्रथिनातला गरजेचा घटक) जळतं. दाण्यात 18-20 टक्के तेल असतं, भरड लवकर खवट होते. पंधरवड्यात संपेल एवढीच दळा.

सोयाबीनमधलाच फायटेट हा दुसरा घटक मात्र शिजवूनही जात नाही. तो फॉस्फरस आणि जस्त धरून ठेवतो. माशाला न लागलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि तळं गर्द हिरवं होतं. दुकानदार त्यावर फायटेट फोडणारं फायटेज देतात. हे विकर आंबट वातावरणात चांगलं चालतं. रोहू-कटल्याला जठरच नसतं, त्यामुळे त्यांच्या खाद्यावर नुसतं शिंपडून फारसं हाती लागत नाही. पंगसाला जठर आहे, तिथे पैसे वाया जाण्याची भीती कमी.

सरकी ढेप आपल्याकडे मुबलक, पण सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे खाद्यात 10 टक्क्यांच्या आतच बरी. बुरशी लागलेली भुईमूग ढेप मात्र गुरांनाही नको नि माशांनाही. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पुरतं जात नाही. पावसाळ्यात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

कंपनीचं खाद्य खपवतो हा आरोप राहिला. वर कुठल्या कंपनीचं नाव आलं का, तुम्हीच बघा.

पुढचं जाळं ओढाल तेव्हा खाद्य दिल्यावर दोन-तीन तासांनी एक मासा चिरून बघा. आतडं घट्ट आणि आतला माल एकसारखा असेल तर तुमचं खाद्य ठीक आहे. भिंत पातळ, आत पिवळट पाणी आणि ढेपेचे न पचलेले कण दिसले, किंवा तळ्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगताना दिसली, तर दोन दिवस खाद्य बंद ठेवा आणि नवं खाद्य रोज थोडं वाढवत आठवडाभरात बदला. त्या आतड्याचा फोटो इथेच टाका, बघून सांगतो.