पैसे भरलेत ना? मग वाघाला यावंच लागेल

दिवाळीनंतर आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं उरतात, राजस्थानला जाऊन आलेली आणि राजस्थानला निघालेली. दुसऱ्या प्रकारात असाल, आणि त्यातही 'शाही वारसा अधिक वन्यजीव' अशी अडीच-तीन आठवड्यांची भलीमोठी बस टूर बुक केली असेल, तर आधी अभिनंदन. जयपूर, जैसलमेर, उदयपूर, तिथून उलटं फिरून भरतपूर, ग्वाल्हेर, ओरछा आणि शेवटी बांधवगड-कान्हा. मी नुकताच परतलोय. पाठीचा कणा अजून शेवटच्या सीटवरच आहे. तरीही चार अनुभवाच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात आधी, नकाशा उघडू नका. नकाशा बघितला की माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारा माणूस टूरमध्ये कुणालाच आवडत नाही. पत्रकात 'जोधपूर–रणकपूर–कुंभलगड–उदयपूर' एका ओळीत मावलंय ना, मग एका दिवसातही मावतं. रणकपूरच्या जैन मंदिरात १,४४४ खांब आहेत. एका खांबाला दोन सेकंद दिले तरी पाऊण तास होतो आणि तुम्हाला मिळतात चाळीस मिनिटं, चपला काढणं-घालणं धरून. कुंभलगडाची तटबंदी ३६ किलोमीटरची. टूर मॅनेजरने बसमधून बोट दाखवून 'ती बघा भिंत' म्हटलं की झाला कुंभलगड. चित्तोडला अकबर १५६७ च्या ऑक्टोबरात येऊन बसला आणि किल्ला पडायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. आमच्या ग्रुपने तोच किल्ला सव्वा तासात घेतला. साड्यांच्या दुकानासकट.

बसमधल्या पुढच्या सीटवरून पहिल्याच दिवशी भांडून घ्या. नंतर अंताक्षरी सुरू होते.

जेवणाच्या टेबलावर दाल-बाटी आली की त्यातल्या दालकडे बघत वेटरला विचारा, 'इथे साधं वरण मिळत नाही का हो?'

गाइड बोलायला लागला की पांगा. हवामहल १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधला, त्याला ९५३ झरोके आहेत, वगैरे तो सांगत असेल तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडच्या कॅफेच्या गच्चीवर पोचलेले असायला हवं, कारण फोटो तिथूनच चांगला येतो. सिटी पॅलेसमधले चांदीचे रांजण दाखवले की दोनच प्रश्न विचारायचे, 'किती किलोचे?' आणि 'आजच्या भावाने किती होतील?' (प्रत्येकी सुमारे ३४५ किलो. सवाई माधोसिंह दुसरे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला विलायतेला निघाले ते तिथलं पाणी प्यायचं नाही म्हणून असल्या रांजणांतून गंगाजल घेऊन. तेव्हा चिवडा-चकल्यांची पिशवी घेऊन परदेशी जाणाऱ्या आपल्या काकांना हसण्यात अर्थ नाही, परंपरा राजेशाही आहे.) भाव कळला की खरेदीला निघा. शंभर ग्रॅमची रजई. त्यावर मी काही बोलत नाही. तुम्हीही घेणार आहात.

ग्वाल्हेरात मात्र छाती पुढे. राजस्थानभर 'आपल्या रायगडाची सर नाही हो' म्हणत, एकही किल्ला धड न चढता फिरलात ना, आता जयविलास महालात 'हे आपलेच शिंदे' म्हणत शिरा. जयाजीरावांनी १८७४ साली बांधलेला वाडा. दरबार हॉलमधली झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. ती पेलतील का हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते म्हणतात. जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून चांदीची आगगाडी, ती पाहुण्यांपुढे सिगार आणि दारू घेऊन फिरायची. बघताना ऊर भरून येतो. फक्त सोबतच्या पोराने 'साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे इतक्या लांब आले कसे?' असं विचारलं तर त्याच्या हातात चॉकलेट ठेवा आणि पुढच्या दालनात चला.

भिंतीवर नाव कोरायला विसरू नका. ओरछ्याच्या एका छत्रीत, म्हणजे राजाच्या स्मारकात, मी बदाम बघितला. बदामात बाण, बाणाच्या दोन टोकांना दोन अक्षरं, आणि खाली फरशीवर चुन्याची ताजी भुकटी. म्हणजे कारागीर पाच-दहा मिनिटांपूर्वीच काम आटोपून खाली उतरले असणार. वर कळसाजवळ गिधाडं बसली होती. इतक्या उंचावर कुणाचा हात पोचत नाही म्हणून तेवढा भाग शाबूत आहे. संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा कायदा आहे. पण कायदा कोण वाचतंय, वाचायला भिंती आहेत की.

आता जंगल. इथे जरा सविस्तर सांगतो.

कपडे भडक घाला, शक्यतो लाल. अत्तर लावा. वेफर्सची मोठी पाकिटं घ्या, लहान पाकिटांचा आवाज पोचत नाही. रणथंबोरला असाल तर किल्ल्यातल्या त्रिनेत्र गणपतीला आदल्या दिवशी साकडं घाला. देशभरातले लोक त्याला लग्नपत्रिका पाठवतात, तुम्ही वाघासाठी अर्ज द्या. आणि फोन न्या, दोन न्या. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांनी मोबाइल वापरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. म्हणून एक फोन गेटवर प्रामाणिकपणे दाखवायला आणि दुसरा मोज्यात.

हे तंत्र आमच्या कँटरमधल्या एका गृहस्थांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. वीस सीटांची ती उघडी गाडी, पहाटेची थंडी, दातात धूळ. तासभर हिंदकळल्यावर एका तळ्याच्या काठाशी ड्रायव्हर थांबला. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला होता. चितळ कशालाही दचकतं, पण सांबर एका जागी उभं राहून, पाय आपटत, पुन्हा पुन्हा ओरडायला लागलं की समजायचं, वाघ चालतोय. गाइडने नुसता हात वर केला. इंजिन बंद. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या ग्रुपमध्ये सगळे एकाच वेळी गप्प होते. गवत हललं. वाघीण पाठमोरी होती. कानांमागचे पांढरे ठिपके, दोन, स्वच्छ दिसले. बास, तेवढेच. अजून चार पावलं आणि ती मोकळ्यावर येणार होती.

आणि मोज्यातून आरती सुरू झाली.

फोन मोज्यात, मोजा बुटात, बूट बॅगांखाली अडकलेला. त्यामुळे आरती एका कडव्यावर थांबली नाही. शेवटी गृहस्थांनी फोन काढला. बंद केला असेल असं वाटतंय का तुम्हाला? उचलला. 'हॅलो, हां, अगं जंगलात आहे... वाघ बघतोय... नाही, अजून नाही दिसला.' अजून नाही दिसला! ठिपके वळले, गवत मिटलं, सांबर गप्प झालं. एकोणीस माणसं एका बुटाकडे बघत बसली.

पुढचं ऐका. परत येताना याच माणसाने गाइडला झापलं. 'इतके पैसे भरून वाघ दिसत नसेल तर तुमचा उपयोग काय? रिफंड द्या.' गाइड बिचारा 'सरजी, सरजी' करत राहिला. आणि मागच्या सीटवरून दोघा-तिघांनी दुजोरा दिला की हो, यांचं हे नेहमीचंच, टिप दिल्याशिवाय वाघ दाखवत नाहीत. म्हणजे वाघ यांनी गोदामात ठेवलाय, नोट दिसली की काढतात!

तर पुढची युक्ती तीच. ड्रायव्हरच्या खिशात नोट सरकवा आणि म्हणा, 'भाऊ, जरा जवळ घे.' तो नाही म्हणाला तर दुसऱ्या जिप्सीकडे बोट दाखवा, 'तो बघ कसा गेला पुढे.' एक गेला की दुसरा जातो, दुसरा गेला की तिसरा. हेड-ऑन, म्हणजे वाघ समोरून येतानाचा, फोटो हवा ना, मग वाघाच्या वाटेवरच उभं राहायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात हेच झालं. वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइड निलंबित झाले. झाले ते चालक-गाइड. 'जवळ घे' म्हणणारे कुठे गेले? त्यांना कसलं निलंबन? ते थर्टी फर्स्ट साजरा करायला गेले असतील. ज्याचं घर त्या जिप्सीवर चालतं त्याचा रोज बुडतो आणि ज्याने नोट दाखवली त्याच्या स्टेटसला दोनशे बदाम. पाच पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आईला अडवायचं, आणि खाली लिहायचं 'ब्लेस्ड'.

उपरोध वगैरे राहू दे आता. सुचत नाहीये.

भरतपूरला केवलादेव पक्षी उद्यानात शिकारींची नोंद दगडात कोरून ठेवलीय. तारीख, पाहुणा, बंदुका, पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते, एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. त्या दगडापुढे आमचे लोक उभे राहून 'बाई गं, किती क्रूर' म्हणाले. दहाच मिनिटांनी, त्याच उद्यानात, चित्रबलाकांची घरटी असलेल्या झाडांपुढे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. का? सगळे एकदम उडाले की रील चांगलं येतं. घरट्यात पिल्लं होती. सायकल रिक्षावाला सरदारजी ओरडला तेव्हा 'तुझं काय जातंय' म्हणाले त्याला. त्याचं काय जातंय! तो तुमच्यापेक्षा जास्त पक्षी नावानिशी ओळखतो, त्याचं सगळंच जातंय.

राजे काही संत नव्हते. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजारावर वाघ सांगतात. कोरिया संस्थानाच्या (आजच्या छत्तीसगडमधलं, देश नव्हे) महाराजांनी १९४७ च्या सुमारास तीन चित्ते पाडले, आणि आपल्याकडच्या चित्त्याची शेवटची पक्की नोंद म्हणून तीच सांगितली जाते. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोला आणावे लागले. हे सगळं खरं. पण १९७२ मध्ये वन्यजीव कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, बंदुका गेल्या. गेला नाही तो हाकारा. पूर्वी ढोल बडवत, रान उठवत जनावर महाराजांच्या मचाणासमोर आणायला गावची गरीब माणसं वेठीला धरत. आता ते काम आपण करतो, हौसेने, वर पैसे भरून.

कशाचे पैसे भरता, एकदा पावती तरी वाचा. गाडीचे, गाइडचे आणि प्रवेशाचे. वाघाचा त्यात उल्लेख नाही. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००५ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं तेव्हाही रस्ते होते, गाड्या होत्या, साइन बोर्डावर वाघाचं चित्र होतं. तीन वर्षांनी रणथंबोरहून वाघ नेऊन सोडावे लागले. हे जनावर असं संपू शकतं आणि तुम्हाला ते पाऊण तासात, नाश्त्याच्या आधी, तुमच्याकडे तोंड करून उभं राहिलेलं हवंय?

सुशिक्षित म्हणवता ना स्वतःला? मुलांना इंग्रजी शाळेत घालता, तिथे 'सेव्ह टायगर'ची चित्रं काढून घेता, भिंतीला लावता. मग तीच मुलं शेजारी बसलेली असताना ड्रायव्हरला लाच देता. मोज्यात फोन लपवायला शिकवता. किल्ल्यात किल्ली काढून भिंत खरवडता आणि पोराला मोबाइल देऊन म्हणता, 'फोटो काढ रे बाबांचा.' लाज कशी वाटत नाही?

तीन तास गप्प बसता येत नसेल तर सफारीला येऊ नका. सरळ सांगतो, येऊ नका. मधे फोन वाजला म्हणून कुणाला खाली उतरवायचीही सोय नाही, जंगलात गाडीतून उतरायला बंदी आहे, म्हणून तो सगळ्यांच्या बोकांडी शेवटपर्यंत बसतो. त्यापेक्षा हॉटेलवरच थांबा. पहाटे उठायचा त्रास नाही, थंडी नाही, धूळ नाही. नाश्ता दहापर्यंत असतो.