दोनशे सोळा नगांचं सुख

हत्यारपेटी घ्यायचं मनात आलं की सगळ्यात आधी, आपल्याला नेमकं काय दुरुस्त करायचंय हा प्रश्न डोक्यातून काढून टाका. या एका प्रश्नापायी पुण्यात भल्याभल्यांची खरेदी वाया गेली आहे. मोरीतला नळ गळतोय एवढंच ज्याच्या डोक्यात असतं, तो ॲडजस्टेबल पाना, वायसर आणि टेफ्लॉन टेप घेऊन दहा मिनिटांत दुकानाबाहेर पडतो, घरी येऊन नळ दुरुस्त करतो आणि मग उरलेला रविवार त्याला खायला उठतो. तुम्ही तसं करू नका. तुम्हाला पाना नकोच आहे. तुम्हाला घरात हत्यारं बाळगून असणारा माणूस व्हायचंय आणि त्याचं दुकान वेगळं असतं.

ते रविवार पेठेत नाही. बोहरी आळीत तर चुकूनही शिरू नका. तिथला दुकानदार मान वर न करता विचारतो, "कशाला हवंय?" झालं! एवढ्या प्रयासाने डोक्यातून काढलेला प्रश्न पुन्हा समोर उभा. शिवाय तिथे पाने सुटे मिळतात. दहा-अकराचा मागितला तर दहा-अकराचाच देतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. सोबत टॉर्च नाही, मोजपट्टी नाही, चकचकीत खोकं नाही. याला काय खरेदी म्हणायचं? त्यापेक्षा सवलतीच्या मोठ्या दुकानात जा. तूरडाळ आणि फिनेल ओलांडून पुढे गेलात की पायपुसण्यांच्या शेजारी हत्यारपेट्यांची चळत लावलेली असते आणि तिथे कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर पिशवी हवी का, एवढंच.

किंमत वाचण्याचीही एक रीत आहे. समजा खोक्यावर छापलेत ७,९९९ आणि वर पिवळ्या चिठ्ठीवर २,४९९. अडाणी माणूस म्हणेल, अडीच हजार गेले. तुम्ही म्हणायचं, साडेपाच हजार वाचले. घरात शिरतानाही हेच वाक्य आधी म्हणायचं, पेटी मागून आणायची. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. पण असल्या मालावर मुळात ती किती छापावी, याला काही वेसण नाही. छापणाऱ्याने मनात आणलं असतं तर १५,९९९ छापून तुमचे साडेतेरा हजार वाचवले असते. त्याने हात आखडता घेतला, याचा मात्र राग यायला हरकत नाही. त्याच लेबलवर बारीक टायपात आयातदाराचा नाव-पत्ता, मूळ देश, महिना आणि वर्ष असंही बरंच काही असतं. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी ते छापणं बंधनकारक केलंय, वाचणं नाही.

आता खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहा: २१६. हे नग. नग मोजायची पद्धत अतिशय समतावादी आहे. रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, हा एक नग आणि पेराएवढा बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं सुटं टोक, हाही एक नग. खिळ्यांची डबी आत असली तर मग विचारूच नका. जिकडेतिकडे दिसतो तो ४६ नगांचा छोटा संच घ्या: रॅचेट एक, गोट्या (नटावर चढवायची सॉकेटं) साधारण ४ ते १४ मिलिमीटरच्या आणि बाकी मुख्यतः बिट्सची गर्दी. त्यातले पाच-सहा बिट आयुष्यात लागतात. उरलेले कुठल्या स्क्रूचे आहेत हे पाहुण्यांनी विचारलं तर 'ते इलेक्ट्रॉनिक्सचे' असं सांगावं. काही संचांत इंची मापाच्या गोट्या आणि इंची ॲलन कीसुद्धा असतात. आपल्याकडच्या आजच्या दुचाक्यांचे, मोटारींचे नट मिलिमीटरचे, त्यामुळे इंची गोटी कधी झिजत नाही. संचातला सर्वांत टिकाऊ भाग तोच.

एखादा शंकेखोर विचारेल, कात्रजच्या घाटात रात्री चाक पंक्चर झालं तर? मोटारीच्या चाकाचा नट बहुधा १७, १९ नाहीतर २१ चा, आणि छोट्या संचातली गोटी तर १४ ला संपते. घाबरायचं कारण नाही. स्टेपनीजवळ गाडीबरोबर आलेला एक साधा काळा पाना असतो, त्याने चाक बदलावं. आपला संच तोवर बॉनेटवर उघडून ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना धीर येतो.

गोटी आतून सहाकोनी आहे की बाराकोनी, हेही पाहत बसू नका. सहाकोनी गोटी नटाला सपाट बाजूंवर धरते. बाराकोनी पटकन बसते, पण माप सैल आणि लोखंड मऊ असलं की नटाचे कोपरे खाते. कोपरे गेले की नट गोल होतो आणि गोल नट ही मोठ्या उलाढालीची सुरुवात असते. त्यावर आधी व्हाइस ग्रिप चालते, मग छिन्नी, मग वेल्डिंग, आणि शेवटी गाडी टेम्पोत घालून नाना पेठेत. पन्नास पैशांची बचत करणाऱ्या गोटीने एवढ्या लोकांना काम दिलं, याचं श्रेय तिला कुणी देत नाही.

पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असं उमटवलेलं असलं की निश्चिंत व्हा. चांगल्या पान्यांसाठी वापरतात त्या या जातीच्या एका प्रमाणित पोलादात क्रोमियम १ टक्क्याच्या आसपास असतं आणि व्हॅनेडियम ०.१५ टक्के. एवढंसं व्हॅनेडियम असलं तरी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नसलं तरी फरक जाणवत नाही. आणि अक्षरं उमटवायला व्हॅनेडियम लागतं असं थोडंच आहे? साध्या लोखंडावर ती उलट जास्त ठसठशीत उमटतात. खरी मेख पुढे असते. लोहार विळ्याला पाणी देतो, तसं पान्यालाही तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून हवा तो कडकपणा आणावा लागतो. जास्त झाला तर पाना तुटतो, कमी पडला तर त्याचा जबडा फाकतो. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ हे भारतीय मानक आहे, पण त्याचा आकडा खोक्यावर २१६ च्या शेजारी शोभून दिसत नाही म्हणून बहुधा छापत नसावेत. वरून चढवलेला मुलामा मात्र प्रथम दर्जाचा असतो. त्यात तोंड बघून भांग पाडता येतो. वर्षभराने त्याचे पोपडे बोटात घुसतात ती गोष्ट वेगळी.

हे झालं आतल्या मालाचं. चाकं असलेली, सात खणांची, लाल रंगाची पेटी घेणार असाल तर पत्र्याचा गेज समजून घ्या, कारण सवलतीच्या धंद्याला एवढं मोठं वरदान दुसरं नाही. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २४ गेज म्हणजे जेमतेम ०.५६. तेव्हा '२४ गेज, हेवी ड्यूटी' असं वाचलं की १८ वाल्याची कीव करायला आपण मोकळे. जाडी निम्मी झाली की पत्र्याचा ताठपणा निम्मा होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो, असं इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांत शिकवतात. पुण्यात इंजिनिअरांना तोटा नाही, पण सेलच्या रांगेत उभं राहिल्यावर तेही बी.ए. झालेले असतात.

दुकानात खण ओढून पाहायचा मोह आवरा. महागड्या पेटीत खण बॉल बेअरिंगच्या पट्ट्यांवर सरकतो, शेवटाला अडतो, आणि अनेक पेट्यांत एक खण उघडा असताना दुसरा उघडतच नाही, म्हणजे सगळं वजन पुढे येऊन पेटी अंगावर कलंडू नये. स्वस्त पेटीत असली अडवणूक नाही. खण पत्र्यावर पत्रा घासत, खालच्या मजल्याला कळवत बाहेर येतो आणि येतच राहतो. पायात बूट असू द्या. 'प्रत्येक खणात २० किलो' हा दावाही अगदीच खोटा नसतो, फक्त ते २० किलो तळभर सारखे पसरलेले असावे लागतात. वाळू ठेवा. हातोडी मध्यभागी ठेवाल तर तळाला खोलगट वाटीचा आकार येतो, त्यात मग वायसर छान गोळा होऊन राहतात.

पेटीची जागा ड्राय बाल्कनी, हे सांगायला नकोच. वॉशिंग मशीन, गहू निवडायची चाळण आणि मागच्या दिवाळीचा आकाशकंदील यांच्यामध्ये ती एकदा शिरली की चाकांचं काम संपतं. पावसाळ्यात झड आत येते, रंगाचे टवके उडालेल्या जागा तांबड्या होतात. जून ते सप्टेंबर पेटीला हात लावू नका. ऑक्टोबरात पाहाल तर खालचे दोन खण मुळी उघडतच नाहीत, म्हणजे पायावर पडण्याची भीती मिटली.

आता सर्वांत महत्त्वाचं: काकांपासून सांभाळा. प्रत्येक सोसायटीत टेल्कोतून नाहीतर किर्लोस्करमधून निवृत्त झालेले एक काका असतातच. त्यांच्याकडे जाड पत्र्याची, हिरवा रंग उडालेली ट्रंक असते. तिच्यात नाशिकला तयार झालेली एक टपारियाची आठ इंची पक्कड, चार-पाच रिंग पाने, दोन स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, हॅकसॉ, अर्धा किलोची हातोडी. नग मोजले तर विसाला पोचत नाहीत. तरी सोसायटीत पाण्याची मोटर बंद पडली की लोक तुमची लाल पेटी सोडून त्यांचं दार ठोठावतात, हे समाजाच्या मागासलेपणाचं लक्षण आहे. काका तुमची पेटी पाहायला येतील, एक पाना हातात घेतील, तळहातावर तोलतील आणि काही न बोलता खाली ठेवतील. या न बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका. मग ते बोलतात, ते त्याहून वाईट. "अरे, पेटी स्वस्त घे हवी तर, तिला काय, नुसतं उभं राहायचंय. पाना कशाला स्वस्तातला घेतलास? जोर लावला आणि सटकला तर बोटांची सालं निघतात. काम निघेल तसा एकेक घ्यायचा."

ऐकायला बरं वाटतं, पण हिशेब बघा. चांगली आठ इंची पक्कड तीन-चारशेच्या घरात येते. या दराने तुमच्या अडीच हजारांत सहा-सात वस्तू होतील. सात खणांत सात वस्तू! पाहुण्यांना काय दाखवणार? काका एवढ्यावर थांबत नाहीत. बुधवारी नाहीतर रविवारी ते तुम्हाला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चला म्हणतील. तिथे बंद पडलेल्या वर्कशॉपांतले पाने पोत्यावर मांडलेले असतात, काळे, तेलकट, कुणा कामगाराच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेले आणि भलते जड. विकणाऱ्याला नग किती ते सांगता येत नाही, वॉरंटी विचारली तर तो हसतो. अशा ठिकाणी काका उकिडवे बसतात आणि तासभर उठत नाहीत. तुम्ही रिक्षा करून परत या.

पेटीच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिचा खरा दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी भोसरी-चाकणच्या शेडमधून लेथला आणि ड्रिल मशीनला झेंडूचे हार पडतात, हत्यारांना हळदकुंकू लागतं. तुमचीही पेटी पाटावर घ्या. हत्यारं पूजेच्या वेळी इतकी कोरी करकरीत एमआयडीसीतल्या एकाही वर्कशॉपला दाखवता येणार नाहीत. फोटो काढताना खालचे गंजलेले खण हाराने झाका.

राहिली वॉरंटी. ती 'आजीवन' असते. कुणाच्या जिवाची ते लिहिलेलं नसतं, पण साधारणतः हत्याराच्या जिवाची, आणि ते तुटलं की त्याचा जीव गेला असं धरतात. बिल जपून ठेवा असंही म्हणतात. ते थर्मल कागदावर असतं, पुण्यातला एक उन्हाळा काढला की अक्षरं उडतात आणि कागद पुन्हा वापरता येतो. तरी एखादी गोटी पहिल्याच हिसक्याला चिरली आणि बिल वाचता येण्यासारखं असलं, तर काउंटरवर जाऊन बघा. तिथे नग बदलून मिळत नाही, संच मिळतो. म्हणून २१६ च्या २१६ वस्तू आपापल्या खाचांत बसवून न्याव्या लागतात. खाचेतून एकदा निघालेली वस्तू परत तिथे बसत नाही, तेव्हा झाकण लावताना घरातल्या कुणाला तरी वर बसवा. काउंटरवरची मुलगी शांतपणे मोजते आणि १० ची गोटी कुठाय म्हणून विचारते. १० ची गोटी कुणाकडेच नसते. दुचाकीचे इतके बोल्ट १० चे असतात, की सगळ्या संचात कामाला जुंपलेली ती एकटीच, आणि ती केव्हाच इंजिनाखाली घरंगळून पार्किंगच्या जाळीतून गटारात गेलेली असते. "संच अपुरा आहे, सर," म्हणून ती खोकं परत तुमच्याकडे सरकवते. तिच्याशी वाद घालू नका. मागे वळून बघा: २५० नगांचा नवा संच आलाय, २,९९९ ला, आणि त्यात १० च्या गोट्या दोन आहेत.