मॅनेजर बुडवायचाय? आकडे असे निवडा

आधी निकाल ठरवा. नवशिके नेमकं हेच विसरतात. ते बिचारे आकडे गोळा करतात, गुणतक्ता उलटसुलट बघतात आणि शेवटी ‘इतक्यात काही सांगता येत नाही’ अशा अगदी निरुपयोगी जागी येऊन बसतात. तुम्ही असलं काही करू नका. शनिवारी रात्री आपला संघ हरला, ताटातलं अन्न गार झालं, घरचे वैतागले. मॅनेजर, म्हणजे फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक, नालायक आहे हे तेवढ्यात सिद्ध झालंच. आता फक्त पुरावा शोधायचा.

सुरुवात गोलफरकापासून करा, कारण याच्याइतका आज्ञाधारक आकडा दुसरा नाही. मँचेस्टर युनायटेडनं २०२३-२४ च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ५७ गोल केले आणि ५८ खाल्ले. फरक वजा एक. गुण ६०, क्रमांक आठवा. पुढच्याच हंगामात टॉटनहॅमनं ६४ केले आणि ६५ खाल्ले. फरक तोच, वजा एक. गुण ३८, क्रमांक सतरावा. युनायटेडच्या एरिक टेन हागनं शेवटी एफए कप हा इंग्लंडचा चषक जिंकला, त्याचा करार वाढला. टॉटनहॅमच्या अँज पोस्तेकोग्लूनं युरोपा लीग ही युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा जिंकली, त्याला सोळा दिवसांत नारळ मिळाला. म्हणजे वजा एक हा आकडा करारवाढीलाही चालतो आणि हकालपट्टीलाही. असं बहुगुणी औषध आजीबाईच्या बटव्यातही सापडायचं नाही.

एखादा आगाऊ माणूस विचारेल की गोलफरक सारखाच, मग २२ गुणांची तफावत आली कुठून? या प्रश्नाला उत्तर देऊ नका, कारण उत्तर खरोखरच आहे. टॉटनहॅमनं मँचेस्टर सिटीला तिच्याच घरी ४-० आणि साउदॅम्प्टनला ५-० हरवलं, पण ३८ पैकी २२ सामने गमावले. विजय एका गोलाचा असो की पाचांचा, गुण तीनच; गोलांची उधळण झाली ती गरज नव्हती तिथे. युनायटेडचं बरोबर उलट: बोर्नमथकडून घरच्या मैदानावर ०-३, क्रिस्टल पॅलेसकडे जाऊन ०-४ अशी मोठी बिलं भरली आणि चिल्लर गोलांनी सामने खिशात घातले. एका गोलानं फिरणाऱ्या सामन्यांत दैवाचा वाटा सगळ्यात मोठा असतो, म्हणून जाणकार तिथेच जास्त जपून बोलतात. तुम्ही नेमकं तिथेच ‘जिंकण्याची मानसिकता’ हा शब्द वापरा. मानसिकता मोजता येत नाही, त्यामुळे खोडताही येत नाही.

आता किती सामन्यांचा हिशोब धरायचा? पाच. फार तर सहा. दहाच्या वर जाणं धोक्याचं. सरासरी सामन्यामागे १.४ गुण मिळवणारा मधल्या फळीतला संघ दहा सामन्यांत १४ गुण घेईल असं आपण म्हणतो, पण नुसत्या योगायोगानं तो आकडा चारेक गुण खाली-वर सहज होतो. १० गुण मिळाले तर ‘ड्रेसिंग रूम हातातून गेली’, १८ मिळाले तर ‘मास्टर टॅक्टिशियन’. संघ तोच आणि खेळही तोच. सामने वाढले की हा खेळखंडोबा विरत जातो, म्हणून वाढू द्यायचे नाहीत.

एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, हे प्रकरण टाळता आलं तर बरं. प्रत्येक शॉटला जागा, कोन, डोकं की पाय हे बघून गोल होण्याची शक्यता जोडतात. पेनल्टीला पाऊण गोलाहून थोडं जास्त. ही बेरीज मॅनेजरच्या बाजूनं बोलू लागते तेव्हा अडचण होते. समजा, आपल्या संघाच्या संधी १.५ गोलांच्या आणि समोरच्याच्या १ गोलाच्या. इतकं वरचढ खेळूनही आपण चारातला जवळजवळ एक सामना हरणार आणि एक बरोबरीत सोडणार, जिंकणार निम्मेच. हे गणित कोणी मांडलं तर ‘गोल गवतावर होतात, संगणकावर नाही’ हे वाक्य फेका. आजवर कोणी परतवलेलं नाही.

उलट एक्सजी मॅनेजरच्या विरोधात जात असेल, तर मात्र तो वेदवाक्य. तेव्हा बारीकसारीक चौकशी टाळा. दूरवरून मारलेले ०.१ किमतीचे आठ शॉट बेरजेत ०.८ भरतात, एका पेनल्टीएवढे, पण त्यातून एक तरी गोल होण्याची शक्यता ५७ टक्केच. दहाव्या मिनिटाला आघाडी घेतलेला संघ मागे सरकतो आणि त्याच्या संधी आटतात, हेही सांगू नका. विसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं असेल, तर तो सामना आवर्जून हिशोबात धरा.

आणखी एक धोक्याचा आकडा आहे. आपल्या लक्ष्यावरच्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले आणि समोरच्याच्या लक्ष्यावरच्या शॉटपैकी किती टक्के आपल्या गोलकीपरनं अडवले, यांची बेरीज करायची. सबंध लीगची सरासरी शंभर भरते. बेरीज ८६ वर आली असेल, तर संघाला साडेसाती लागलीय असं समजावं. ती उतरते, आणि ती उतरवण्यासाठी मॅनेजर बदलावा लागत नाही. (गोलकीपर खरोखरच कच्चा असेल तर गोष्ट वेगळी, ते कळायला मात्र सामने डोळ्यांनी बघावे लागतात.) हा आकडा लपवून ठेवा.

नशीब या शब्दाचा वापर नीट शिकून घ्या. आवडत्या मॅनेजरचं असतं ते दुर्दैव. नावडत्याचं असेल, तर नाचता येईना अंगण वाकडं. २७ ऑक्टोबर २०२४ ला वेस्ट हॅमविरुद्ध युनायटेडच्या दियोगो दालोनं मोकळ्या गोलसमोर चेंडू वर मारला आणि भरपाई वेळेत व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, वेस्ट हॅमला पेनल्टी दिली. युनायटेड १-२ हरलं. नऊ सामन्यांत ११ गुण, चौदावा क्रमांक. दुसऱ्या दिवशी टेन हागची उचलबांगडी झाली. पुढे पंचांच्या प्रमुखांनीच मान्य केलं की व्हीएआरनं तिथे हात घालायला नको होता. आता हाच टेन हाग आदल्या हंगामात वजा एकवर ६० गुण घेऊन बसला होता, तेव्हा दैव त्याच्या बाजूला होतं, हे खरं. ज्या वर्षी दैवानं दिलं त्या वर्षी करार वाढवायचा, ज्या शरदात काढून घेतलं तेव्हा माणूस काढायचा. क्लबांनी घालून दिलेली ही पद्धत तुम्हीही पाळा.

धीर धरणाऱ्यांची उदाहरणं संभाषणात येऊ देऊ नका. २०१४-१५ मध्ये जर्मनीतलं युर्गन क्लॉपचं डॉर्टमुंड अर्ध्या हंगामाला १५ गुणांवर, खालून दुसरं होतं. क्लबनं त्याला हाकललं नाही, संघ सातवा आला. ते वर्ष किती वाईट आणि किती दुर्दैवी हे लिव्हरपूलच्या लोकांनी आकड्यांत तपासलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉपला उचललं. ग्रॅहम पॉटरचं ब्रायटन २०२०-२१ मध्ये एक्सजीच्या तक्त्यात बरंच वर होतं आणि खऱ्या तक्त्यात ४१ गुणांवर सोळावं. पुढच्या वर्षी नववं आलं. पॉटरचंच चेल्सीत पुढे काय झालं, ते मात्र खुशाल सांगा: ३१ सामन्यांत गच्छंती. फक्त त्याच्या जागी आलेल्या फ्रँक लॅम्पार्डनं ११ सामन्यांत एकच जिंकला, तिथे खोकला आल्यासारखं करा.

कारण नवा मॅनेजर आला की संघ उसळतो, हा आपल्या शास्त्राचा पाया. डच लीगच्या १९८६ ते २००४ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा तितकीच पडझड होऊनही मॅनेजर न बदलणारे संघ जवळपास तेवढेच सावरलेले दिसले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण फांदी कावळ्यानंच मोडली असं छातीठोकपणे सांगणाऱ्यालाच टीव्हीवर बोलावतात.

खतावणी कशी लिहायची, ते क्रिस्टल पॅलेसकडून शिका. २०१७ मध्ये फ्रँक डी बूर ७७ दिवसांत गेला: लीगचे चार सामने, चार पराभव, शून्य गोल. रॉय हॉजसन आले. आणखी तीन सामने, तीन पराभव, गोल शून्यच. संघाचा हुकमी विंगर विल्फ्रेड झाहा पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडला होता. तो आठव्या सामन्यात परतला, चेल्सीविरुद्ध त्यानं गोल केला आणि पॅलेस २-१ जिंकलं. हंगामाअखेर ४४ गुण, अकरावा क्रमांक. तुमच्या वहीत सातही पराभव डी बूरच्या नावावर घाला, अकरावा क्रमांक हॉजसनांच्या. झाहाच्या गुडघ्यासाठी रकाना ठेवायचा नाही.